पाळक पाहिजेत: उंचीवर काम करण्याची तयारी असावी

इंटरनॅशनल सिटी, दुबई
रविवार, उपासनेहून आल्यावर

आदरणीय आत्याबाई यांना,

दुबईहून भानुदासचा सलाम. सविता आणि वेदांगही सलाम सांगतात (वेदांग ‘टेल हर हाय’ एवढंच म्हणाला, त्याचा सलाम मी केला). तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही पेपर स्वतः वाचता असं कळलं, म्हणून तर हे कागदावर लिहितो आहे. तुमचा फोन मुग्धा उघडते, मेसेज तुम्हाला लेकच वाचून दाखवते, आणि तिने वाचून दाखवावं असं या पत्रात एकही वाक्य नाही. आमच्या ऑफिसातला मिथुन सुट्टीवर पुण्याला चालला आहे, तो वाट वाकडी करून नगरला येईल आणि पत्र तुमच्याच हातात देईल. त्याला चहा द्या, पण काही विचारू नका. त्याला यातलं काही माहीत नाही, आणि जे माहीत नसतं ते तो फार सविस्तर सांगतो.

मागे तुम्ही शेजारच्या बाईंच्या फोनवरून मला जे विचारलंत, त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला. तुमचं म्हणणं असं की मुग्धा सारखी फोनवर असते, नंबर दुबईचा असतो, फोन आला की अंगणात जाते, कधी हसते आणि एकदा डोळे पुसताना तुम्ही तिला पाहिलंत. तेव्हा हा दुबईचा माणूस कोण, करतो काय, आपल्या मंडळीतला आहे का, याचा मी गुपचूप तपास करावा. तपास पूर्ण झाला आहे. पण सगळं नीट कळायचं तर आमच्या इथल्या मराठी चर्चचे पाळकसाहेब निवृत्त झाले तिथून सुरुवात करावी लागेल, तेव्हा जरा बसून घ्या.

पाळकसाहेब गेल्या पावसाळ्यात (म्हणजे तुमच्याकडच्या, इथे तेव्हा गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देत होतं) निवृत्त होऊन गावी गेले. आम्ही त्यांना शाल दिली, केक कापला, विमानतळावर सगळे रडलो, आणि परतताना गाडीतच भांडण सुरू झालं की आता नवा पाळक कसा हवा. समिती नेमली गेली. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या एचआरमध्ये माणसं भरतीचं काम करतो, तेव्हा शोध समितीचा सेक्रेटरी मीच व्हावं असं एकमताने ठरलं. मी म्हणालो, मी गवंडी आणि फोर्कलिफ्ट ऑपरेटर निवडतो, पाळक नाही. गुणवंतराव पाटोळे म्हणाले, “भार तर दोघांनाही उचलावा लागतो.” हे गुणवंतराव म्हणजे तुमच्या ओळखीच्या छायाकाकूंचे यजमान, आमच्या मंडळीतले सर्वांत जुने, जुन्या दुबईत, देऱ्यात, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्यांच्याकडे मोठी गाडी असल्यामुळे त्यांचं मत सहसा कोणी मोडत नाही.

जाहिरात मी केली. आमच्या अपेक्षा साध्या होत्या. वय कमी पण अनुभव दांडगा. मराठी शुद्ध, पण मुलांसाठी इंग्लिश. उपदेश खोल पण वीस मिनिटांत. गाता यावं, गाडी यावी, आणि पत्नी असावी, जी संडे स्कूल घेईल आणि त्याचं काही मागणार नाही. घाईत मी ऑफिसचाच जुना मसुदा वापरला आणि शेवटची ओळ काढायची राहिली: उंचीवर काम करण्याची तयारी असावी. जाहिरात तीन ठिकाणी छापून आली. एका उमेदवाराने कळवलं की देह साथ देत नाही, पण आत्मा तयार आहे.

पहिला इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाला. माणूस बोलायला गोड होता. शेवटी आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला आणि तिकडचं नेट गेलं. पडद्यावर ते तसेच, हात उंच, डोळे मिटलेले. आम्ही उभे राहिलो होतो, आमेन म्हटल्याशिवाय बसायचं कसं? बराच वेळ उभे राहिलो. शेवटी गुणवंतरावांनीच आमेन म्हटलं आणि खुर्ची ओढली. नंतर निरोप आला की त्यांना पुण्यातच जागा मिळाली.

याच दिवसांत ती गोष्ट घडली. आमच्या समितीत संग्राम म्हणून तरुण आहे, एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या बायकोला, उर्वीला, सातवा महिना लागला आणि एका दुपारी तिला तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आजचा दिवस कठीण आहे. उर्वी शुद्धीवर आली तशी एकच म्हणू लागली, बाळाचा बाप्तिस्मा करा. आता पाळक कुठून आणायचा? इंग्लिश उपासनेचे पाळक सुट्टीवर गेलेले, तामिळ मंडळींचे अबुधाबीत. सविता संग्रामबरोबर कॉरिडॉरमध्ये उभी होती. तिने मुग्धाला फोन लावला, आपल्या घरात पाळक म्हणून दीक्षा घेतलेली तीच एक. (व्हॉट्सअ‍ॅपवर इथे कॉल लागत नाही, हे ती घाबरून विसरली आणि लावत राहिली, मग साधा फोन केला.)

मुग्धा तेव्हा कुठल्याशा गावात मंडळीच्या बैठकीत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाळक नसेल तर अडत नाही. अशा वेळी कोणीही करू शकतं. फोन संग्रामला दे.” बाळाला ठेवलं होतं त्या काचेच्या पेटीपाशी आईबापांशिवाय कोणाला जाऊ देत नव्हते. तिथली केरळी सिस्टर भली बाई. तिने चमचाभर स्वच्छ पाणी आणून दिलं आणि फोन स्वतः धरून उभी राहिली. निम्मं पाणी संग्रामच्याच बाहीवर सांडलं. मुग्धा म्हणाली, “तीन थेंब पुरेत. आता नाव घे.” आणि नाव तर ठरलंच नव्हतं. त्यावरून दोघांचं महिनाभर वाजलं होतं; त्याला ग्रेस हवं होतं, तिला शुभ्रा. सविता दारातून बघत होती, ती सांगते, तो काचेकडे बघून म्हणाला, “शुभ्रा.” मग मुग्धाने एकेक शब्द सांगितला आणि त्याने म्हटला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सिस्टरनेही तिच्या भाषेत आमेन म्हटलं.

आत्याबाई, तो दिवस गेला. दुसराही गेला. शुभ्रा आता घरी आहे, भरपूर रडते, आणि संग्राम ते रडणं रेकॉर्ड करून आम्हाला पाठवतो. पण ती पेटीत होती तेव्हा मुग्धा रोज उर्वीशी बोलायची. तुम्ही तिला डोळे पुसताना पाहिलंत, ते बहुधा बाळाचं वजन पहिल्यांदा वाढलं त्या दिवशी.

इकडे समितीचं काम चालूच होतं. दुसरे उमेदवार, रेव्हरंड शैलेंद्र, व्हिजिट व्हिसावर प्रत्यक्ष आले. मरीनात फिरवलं, जेवू घातलं, रविवारी उपदेशाला उभं केलं. आमचा हॉल तासावर असतो हे त्यांना सांगितलं होतं. आमच्या आधी तामिळ, नंतर फिलिपिनो, आपली वेळ संपली की खलास. पण त्यांना घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सापडली होती आणि पुत्र काही केल्या घरी पोचेना. दार उघडून फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन हळूहळू आत येऊ लागली. रेव्हरंडांना वाटलं, उपदेशाने पाझर फुटून माणसं पश्चात्तापाला पुढे येताहेत. ते खाली उतरले आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवू लागले. ती बिचारी सज्जन माणसं, गुडघे टेकत गेली. ड्रमवाल्याने ड्रमसकट टेकले. रेव्हरंड म्हणाले की असा प्रतिसाद त्यांना कुठेच मिळाला नव्हता. मात्र शाळांच्या फिया ऐकून त्यांनी आपण होऊन नाव मागे घेतलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये सविता (तीही समितीत आहे) म्हणाली, “आपली मुग्धा का नको?”  मग गुणवंतरावांनी घसा साफ केला. “आपल्याला मिसेस असलेला पाळक पाहिजे. पाळकच मिसेस नको.” मुग्धाचं लग्न झालेलं नाही, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं. “मग तर प्रश्नच मिटला,” गुणवंतराव म्हणाले. शिवाय हाक काय मारायची? पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. उद्या हिने लग्न केलं तर नवऱ्याला काय म्हणायचं? यावर पाऊण मीटिंग गेली. मी आपला सगळं मिनिट्समध्ये लिहीत होतो. माझी आतेबहीण असल्यामुळे मी तोंड उघडणं बरं दिसलं नसतं.

परतताना नेहमीप्रमाणे गुणवंतरावांच्या गाडीत आम्ही चौघं. ते चालवत होते, मी पुढे, सविता आणि संग्राम मागे. संध्याकाळची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलाने.  एवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि त्या नव्या गाडीची रीत अशी की ती फोन आपणच उचलते. सगळ्या स्पीकरमधून मुग्धाचा आवाज आला.

“गुणवंतकाका, आज फोन नाही केलात? वरण शिजलं का?”

गुणवंतराव समोरच्या ट्रककडे बघत राहिले. कान लाल झाले होते. मग म्हणाले, “हो. काल मऊ झालं होतं.”

“हिंग शेवटी घातला ना?”

“शेवटी घातला.”

“जेवलात की नुसतं शिजवलं?”

“जेवलो, बाळा. गाडीत आहे. नंतर बोलतो.”

छायाकाकूंना जाऊन वर्ष होत आलं. तुम्हाला कळवलं होतं मी. तेव्हापासून हा माणूस हॉटेलच्या डब्यावर जगतो आहे असं आम्ही समजत होतो. ट्रक हलला, गाडी हलली, आणि गुणवंतराव आपणच सांगू लागले. मुळात त्यांनी मुग्धाला फोन केला होता तो दम भरायला. फोनवरून बाप्तिस्मा द्यायचा अधिकार तुला कोणी दिला, असं विचारायला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, काका, तुम्ही जेवलात का. “आता याचं काय उत्तर द्यायचं?” ते म्हणाले. “छाया गेल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं.” तेव्हापासून ती त्यांना छायाकाकूंच्या हातची चव आठवून आठवून स्वयंपाक शिकवते आहे. (काकू दर सुट्टीत तुमच्याकडे यायच्या, म्हणून तिला चव ठाऊक.)

मग संग्राम म्हणाला, मी तर तिच्याशी अजून रोजच बोलतो. मग सविता म्हणाली की देऱ्याच्या खोल्यांमध्ये राहणारी कामगार पोरं रविवारी मुग्धाला फोन करतात, घरी सांगता येत नाही ते सांगायला. आणि मग तीच म्हणाली, “वेदांगही बोलतो.” मी विचारलं, काय बोलतो? “ते मलाही सांगत नाही. पण मराठीत बोलतो.” आत्याबाई, माझा मुलगा मला पाणी इंग्लिशमध्ये मागतो. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

तर हा तुमचा दुबईचा माणूस. तो एक नाही, अख्खी मंडळी आहे. आम्ही जाहिराती देत होतो, इंटरव्ह्यू घेत होतो, आणि पाळक केव्हाच रुजू झाला होता. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव गुणवंतरावांनीच मांडला. हाकेचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणाले, “ताई म्हणा. त्यात काय एवढं अडलंय?” बिशपसाहेबांनीही हरकत नसल्याचं कळवलं.

तेव्हा काळजी नसावी. मुग्धाच्या फोनमध्ये वावगं काही नाही. तपासाचा अहवाल इथे संपवतो. गुडघ्यांना तेल लावत जा, आणि जिन्याने एकट्या गच्चीवर जाऊ नका.

तुमचा भाचा,
भानुदास

ता.क. मुग्धाने नाही म्हणून कळवलं आहे. कारण विचारलं तर विषय बदलते.

ता.क. आणखी. कारण तिने सविताला सांगितलं, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही असं वचन घेतलं. वचन सविताने दिलं आहे, मी नाही. कारण तुम्ही आहात. गावांतल्या मंडळ्यांची तिची मुदत ईस्टरला संपते, पण ती म्हणते, “आईला विचारूच नका. ती लगेच हो म्हणेल, माझी बॅगही भरून देईल, आणि मग घरात एकटी बसेल.” तुम्हाला मी लहानपणापासून ओळखतो, तिचं म्हणणं खोटं नाही. म्हणून माझी विनंती एवढीच, की लगेच हो म्हणू नका. आधी रागवा. चार दिवस मला शिव्या द्या, की हा पोरीला पळवायला निघाला. तुम्हीही इकडे येऊन राहाल का, याचा विचार करा. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे आणि खालच्या मजल्यावर एक गुजराती आजी दुपारभर कोणीतरी बोलायला येईल म्हणून दार उघडं ठेवून बसतात. तरी नाही वाटलं, तर नाही.

ता.क. शेवटचा. सविता म्हणते, एवढं लांब पत्र लिहून मुद्दा खाली लपवलास, आत्या हसतील. हसा. पण उत्तर नाही असेल तर ते मला कळवा, मी समितीला सांगेन की आम्हालाच जमत नाही, आणि मी तुम्हाला विचारलं होतं हे मुग्धाला कधी कळणार नाही. हो असेल, तर मला कळवू नका. तिला सांगा.