बाबांचं आमेन

रविवार, संध्याकाळ

प्रार्थनेला आलेली मंडळी आत्ताच गेली. सतरंज्या तशाच पसरल्यात, उचलायचं मन नाही.

सकाळी मी बाबांचं अंग पुसत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, मला काहून अडवून राहिले सगळे? देवाला सांग ना, घेऊन जा म्हणून." कॅन्सर हाडांत गेलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. तरी मी त्यांनाच गप्प केलं.

संध्याकाळी सगळे त्यांच्या खाटेभोवती बसले. पास्टरजी म्हणाले, "दोघांचं जरी एकमत झालं तरी प्रभू ऐकतो, आपण तर इतके आहोत." मग आमच्या रीतीप्रमाणे सगळे एकदम, मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागले. बरं कर, उठव, आयुष्य दे. त्या गलक्यात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. बाबांनी पुन्हा माझं मनगट धरलं. आणि मी, मीसुद्धा मोठ्यानंच म्हटलं, "प्रभू, यांना घेऊन जा."

कुणाला ऐकू गेलं नाही. बाबांना गेलं. सगळ्यांची प्रार्थना चालूच होती, आणि बाबा डोळे मिटून हळूच म्हणाले, "आमेन."

निघताना पास्टरजी दारातूनच म्हणाले, "दीदी, आज काय एकमत होतं! बाबूजी उठतातच, बघा." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

दोघांचं जरी एकमत झालं तरी. ते तर झालं, माझं आणि बाबांचं.

डावं मनगट अजून त्यांच्याच हातात आहे. त्यांच्या एकेका श्वासाकडे कान लावून बसलेय, आणि देवानं आम्हा दोघांचं ऐकलेलं नसू दे, असं वाटून राहिलं.