स्वल्प नावाचा तुकडा

अक्का, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मी आता वयानं तुमच्याहून मोठी आहे. तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. साठच्या दशकातली यशवंतपूरच्या कारखान्यातली आपली ती गणकयंत्राची खोली. तुम्ही तिथल्या मुख्य, आणि मी बेळगावाकडून आलेली दोन महिन्यांची नवखी. अंगात शहाणपण मावत नव्हतं.

भोकं पाडलेली कागदी फीत वाचणारं आपलं यंत्र सकाळच्या गारठ्यात लबाडी करायचं. 'तयार' अशी खूण द्यायचं आणि फितीवरचा पहिला आकडा गिळून टाकायचं. विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुस्तकावर बोट ठेवून सांगून गेला, यंत्रात दोष नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. फीत वाचायच्या प्रोग्राममध्ये एक तुकडा घातलात. 'तयार' आलं तरी गणकयंत्रानं थोडा वेळ नुसतं मोजत बसायचं, मगच वाचायला घ्यायचं. त्या तुकड्याचं नाव ठेवलंत 'स्वल्प', तुमच्या कानडीत थोडंसं. "त्याला कोण सुधारणार गे? आपणच स्वल्प थांबायचं," असं म्हणायचात, सासऱ्यांबद्दल बोलावं तसं.

मला तो तुकडा बघवेना. एवढं महागाचं यंत्र आणि रिकामं मोजत बसतंय. शनिवारी दुपारी तुम्ही मल्लेश्वरमला घरी गेलात आणि मी तो काढून टाकला, प्रोग्रामची नवी फीत पाडली, चालवून पाहिली. सगळं चोख. दुपारपर्यंत यंत्र तापलेलं असतं, हे डोक्यातच आलं नाही. सोमवारी सकाळी एका क्रेनच्या तुळईचं गणित लागलं. फितीवर पहिलेच बारा टन होते; '१२' मधला १ गळाला, दोन टन उरले. नकाशेवाल्यांनी पकडलं म्हणून निभावलं.

"तू काढलीस काय गे ते?" तुम्ही विचारलंत.

"नाही, अक्का."

तुम्ही हातातली फीत गुंडाळून ठेवलीत. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणालात आणि साहेबांना सांगून आलात की चूक तुमचीच. साहेबांनी खोलीची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली. पुढे महिनाभर, जिथं तुमचा शब्द चालायचा त्याच खोलीबाहेर, कारकून येऊन दार उघडेपर्यंत तुम्ही उभ्या. मी लवकर येऊन तुमच्याशेजारी उभी राहायचे. तुम्ही डबा उघडून चित्रान्न, तो लिंबू पिळलेला फोडणीचा भात, पुढं करायचात. एकदा म्हणालात, "किती जीव लावतेस. चांगली पोर आहेस." मी मान खाली घालून खात राहिले.

तुम्हाला खरं ठाऊक होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. मीच तो काढला, अक्का. हे एवढं लिहायलाच बसले होते. पण पत्ता नाही म्हणूनच लिहवलं. तुम्ही आता दारात येऊन विचारलंत, तर मी पुन्हा 'नाही'च म्हणेन. चांगली पोर म्हणणारं तुमच्यानंतर कुणी भेटलं नाही.