नानांची पोटरी

१२ डिसेंबर १९८८, मेहरूण

सोनगीरहून आणल्यापासून माझे सासरे, नाना, गप्पच. उद्या परत जायचं, एवढाच हट्ट. तिथे एकटे कसे राहणार?

संध्याकाळी शब्दकोड्यात अडले. 'गुडघ्याखालचा मागचा स्नायू', तीन घरं. बी.ए. होऊनही ती तीन घरं भरेनात. मोठ्याने वाचलं, तर नानांनी आपला पहिलवानी पाय थोपटला. "पोटरी शे ती, माय! बठ्ठं पुस्तकमा नही ऱ्हास." चक्क हसले.

पुढे 'नदीचं पाणी अडवणारं बांधकाम'. मला येत होतं. तरी विचारलं.

"धरण! एवढं बी नही येस?"

मी नवीनच कळल्यासारखं लिहून घेतलं. मी!

"नाना, उद्याचं कोडं कोण सोडवणार?"

"ते करीसन जासू." म्हणजे तेवढं सोडवून मगच जाणार!

कोडं रोज येतं, हे मुद्दाम बोलले नाही.