दोन इंच की चार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. पाकीट बघून वहिनी दचकेल, म्हणून आधीच सांगते, इथं सगळे धडधाकट आहेत. संस्कृती शाळेत जाते, तिचा पुढचा दात पडलाय आणि ती तो कुणालाही दाखवते. फोन केला नाही, कारण वस्तीवर रेंज येते ती फक्त ओसरीच्या कोपऱ्यात, आणि तिथं सासूबाई तूर निवडत बसलेल्या असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. प्रणयसमोर तर नाहीच. (त्याला मी पत्रात प्रणयच म्हणते. इथं सगळ्यांदेखत ‘हे’ म्हणावं लागतं.) उद्या ब्लाउजची अस्तरं आणायला लासूरला जाणार आहे, तेव्हा हे टपालात टाकीन.

या रविवारी तुला त्याचा फोन येईल. त्याला विचारायचंय की जीप दोन इंच उचलावी की चार. तू वाळूजच्या कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांवर काम करतोस, म्हणून या बाबतीत तुझा शब्द त्याला शेवटचा वाटतो. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. जेवताना ताटात भाकरीचे तुकडे एकावर एक ठेवून तो मला दाखवतो, हे स्प्रिंगचे पाटे, हा एक्सल, ही बॉडी. पाट्यांत एकेक पाटा वाढवला की गाडी दोन इंच वर येते. चार इंच हवे असतील तर पाटेच बदलायचे, ब्रेकचे पाइप लांब घ्यायचे, आणि खाली मोठे टायर बसवायचे. मी हो हो म्हणते. परवा तो शहरातल्या छावणीतून नमुन्याला एक टायर घेऊन आला आणि ओसरीत उभा करून ठेवला. संस्कृतीच्या खांद्यापर्यंत येतो. त्या नव्या रबराचा वास मला सहन होत नाही. तो घरात असला की मी मागच्या दारी जाऊन बसते.

जीप तुला माहीत आहे. सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली, तुझ्या लग्नाची वरात जिच्यातून निघाली तीच. वस्तीवर चार चाकांचं दुसरं काही नाही. आजारी माणूस, खताची पोती, परीक्षेची पोरं, सगळं तीच नेते. आणि वस्तीतून बाहेर पडायला वाट एकच, शिवनेवरचा फरशी पूल. तू उन्हाळ्यात येऊन गेलास म्हणून तुला तो साधा रस्ताच वाटला असेल. कठडा नाही, काही नाही, नदीच्या अंगालगत टाकलेली काँक्रीटची पट्टी. तिच्या तोंडाशी चुन्यानं रंगवलेला एक दगड आहे. पावसाळ्यात तो दगड बुडाला की पुलाशेजारी राहणारी चंपाबाई आपलं जुनं लाल लुगडं वाटेवर आडवं बांधते. ते लुगडं कुणी ओलांडत नाही. दुधाचा टेम्पो थांबतो, सरपंच थांबतो, दारू प्यायलेला माणूससुद्धा थांबतो आणि चंपाबाईच्या ओट्यावर झोपतो. कुणी हा नियम कागदावर लिहिलेला नाही, पण सासरे म्हणतात, लुगडं बांधायला लागल्यापासून या पुलावरून माणूस वाहून गेलं नाही.

मागच्या भादव्यात मात्र वेगळं घडलं. तुला फोनवर मी अर्धंच सांगितलं होतं. आमच्या शेजारच्या सोमनाथच्या बायकोला, मोनिकाला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. प्रणयनं तिला जीपमध्ये घातलं, मीही सोबत होते. पुलाशी आलो तर लुगडं बांधलेलं. पाणी फार नव्हतं रे, दगडाच्या वर हातभर. पलीकडचा रस्ता दिसत होता, पलीकडं रुग्णवाहिका येऊन थांबलेली दिसत होती. सोमनाथ ओरडत होता, “घाल ना गाडी, काय बघतो? दोन मिंटाचं तर काम हाय!” प्रणयनं इंजिन बंद केलं आणि किल्ली चंपाबाईच्या हातात दिली. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मोनिका वाचली. बाळ नाही वाचलं.

वस्तीत सगळे म्हणाले की प्रणयनं केलं ते बरोबर केलं. सोमनाथ तसं म्हणाला नाही. त्याचं दुःख त्याला, मी त्याला दोष देत नाही. पण तेव्हापासून पारावर प्रणय गेला की तो मोठ्यानं म्हणतो, “आले बघा, लुगड्याला भ्यालेले!” एकदा तर सगळ्यांसमोर विचारलं, “जीप कशाला पाळली रं, नवरदेव मिरवायला?” प्रणय तसाच माघारी फिरतो. घरी येऊन जीप धुतो. धुतलेलीच पुन्हा धुतो. दिवाळीनंतर एक दिवस जीप धुता धुताच म्हणाला, गाडी उंच असती तर मी गेलो असतो. एवढंच. त्यानंतर हे सगळं सुरू झालं.

छावणीत जुन्या जीपा दुरुस्त करणारे हमीदभाई आहेत. त्यांच्याकडं मी एकदा सोबत गेले होते. माणूस हसरा, मला स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. प्रणयनं नदीचं सांगितलं तर म्हणाले, “अरे मियाँ, दो इंच में क्या होता? चार मारो! नदी क्या, समंदर में घुसा दो, भाभी को नाव में बैठे सरीखा लगेगा!” सगळे हसले. प्रणयही कितीतरी दिवसांनी हसला. मला मात्र हातातला चहा पिववेना. ते गंमत करत होते, पण प्रणय ती गंमत मनात साठवून घेत होता, ते मला दिसत होतं.

घरी फक्त सासऱ्यांनी विरोध केला. त्यांना तू ओळखतोस, बोलतील ते तिरकंच. ते म्हणाले, “आमी म्हशीच्या पाठीवर बसून नदी उतरायचो. म्हशीला कळतं कुठं पाय टाकायचा अन् कवा मागं फिरायचं. तुह्या जीपला कळतं का?” प्रणय म्हणाला, “आबा, म्हैस चार इंच उंच करता येत नाय.” सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. विषय तिथंच मिटला.

दादा, तुला आठवतं, तू मला बाबांच्या गावी विहिरीत पोहायला शिकवलंस? ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून तीत मला बसवलं होतंस. मग तू चढलास, मग काकांचा अतुलही चढला, तरी ट्यूब बुडेना. तू एका बोटानं ढकललंस की आम्ही तिघं विहिरीच्या दुसऱ्या काठाला. तो टायर ओसरीत आल्यापासून मला तीच ट्यूब दिसते. तशी चार जीपखाली लावली तर पाण्यात ती जमीन धरून राहील का रे? मी शिवणकाम करणारी बाई, माझं चुकत असेल. पण वाहतं पाणी एका बोटापेक्षा किती जोरात ढकलतं ते मी मागच्या वर्षी काठावर उभी राहून बघितलंय. बाभळीचं अख्खं झाड पुलावरून आडवं सरकत गेलं, आवाजसुद्धा न करता.

आणि दुसरी एक गोष्ट मनातून जात नाही. आजवर जीप बुटकी होती म्हणून दगड बुडायच्या आतच पाणी पुलाच्या तोंडाशी तिच्या पोटाला लागायचं. खालून थाप बसायची, स्टिअरिंग हलकं व्हायचं आणि प्रणय मागं घ्यायचा. ती थाप मी त्याच्या शेजारी बसून ऐकली आहे. चार इंच उचलल्यावर ती थाप तिथं बसणार नाही. बसेल तेव्हा तो पुलाच्या मध्यावर असेल, आणि त्या पट्टीवर गाडी वळत नाही.

आत्ता माघात नदीत पाणीच नाही. पोरं पात्रात क्रिकेट खेळतात, चंपाबाईच्या शेळ्या पुलाखाली सावलीला बसतात. एवढ्या कोरड्या नदीची भीती वाटते म्हटलं तर कुणीही हसेल. पण कपडे वाळत घालताना समोर ते पांढरं पात्र दिसतं आणि मी पाठ फिरवून उरलेले कपडे वाळत घालते. हमीदभाईंनी हातोहात दोन इंच उचलून दाखवलेत, चार करायचे की नाही ते तुझ्या सांगण्यावर. तशी जीप आणून प्रणयनं संस्कृतीला वस्तीभर फिरवलं. मलाही चल म्हणाला. मी पाठ दुखते म्हणून सांगितलं. जीप वळणावर जरा डोलली, तशी संस्कृती आनंदानं ओरडली. मी दाराची चौकट धरून उभी होते. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्या रात्री माझ्या ताटात त्यांनी न मागता कैरीचं लोणचं जास्त वाढलं.

तू रविवारी त्याला काय सांगावंस ते मी तुला शिकवणार नाही. ‘नदीत घालू नका’ एवढंच म्हणालास तर तो ‘हो भाऊ’ म्हणेल आणि फोन ठेवून चार इंच पक्के करेल. नदीबद्दल बोलूच नकोस. दोन इंच आहेत तेवढे राहू द्या, जुन्या एक्सलवर मोठ्या टायरचा ताण येईल, उताराला ब्रेक धरणार नाहीत, असं तुझ्या कामाच्या भाषेत सांग. ते खरंही आहे आणि ते तो ऐकेल. पण ऐकलं नाही, तर त्यासाठीच पुढचं लिहिते.

दादा, मला दिवस गेलेत. दुसरा महिना सरत आलाय. भादव्यात बाळंत होईन, म्हणजे लुगडं बांधायच्या दिवसांतच. प्रणयला मी अजून सांगितलेलं नाही. अशी बातमी नवऱ्यापासून लपवणारी बाई मी नव्हते, पण इथं, या वस्तीवर, ती त्याच्या कानावर घालायचा मला धीर होत नाही. कळलं त्याच दिवशी तो छावणीत जाईल आणि तुझं न ऐकता चार इंच आणि ते टायर बसवून घेईल. पहिल्या वेळी आई होती, रिवाजानं मी माहेरी आले, कुणी विचारलंही नाही. दुसरं बाळंतपण सासरी, हाही रिवाजच. आता आई नाही, म्हणून मी स्वतःहून येते म्हणाले तर सासूबाईंना ते आपल्या घरावर ठेवलेलं बोट वाटेल. म्हणून तू ये. वहिनीला बरं नाही, चार दिवस अमृताला पाठवा, असं म्हण आणि मला, संस्कृतीला आणि प्रणयलाही बजाजनगरला घेऊन जा. तुझ्या घरी, तू आणि वहिनी समोर असताना, मी त्याला सांगेन आणि तिथंच त्याच्याकडून कबूल करून घेईन की मृगापासून दिवाळीपर्यंत मी नदीच्या त्या बाजूला राहीन. मशीन सोबत आणीन, संस्कृतीचं नाव तिथल्या शाळेत घालू. वस्तीवर अजून कुणाला दिवस असतील तर तिलाही पाण्याआधी लासूरला न्यायचं, हे आरोग्य केंद्राच्या आशाताईंशी मी बोलणार आहे. पण आधी मला इथून काढ. मागच्या वर्षी तो थांबला कारण गाडीत दुसऱ्याची बायको होती. माझ्यासाठी तो थांबणार नाही.

तुझीच,
अमृता