डावा कान आणि रजिस्ट्रेशन

३ जून, मंगळ.
इनचार्ज सिस्टरांनी सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन या महिन्यात संपतंय, माहितीय ना?" माहिती होतं. दर पाच वर्षांनी येतंच. मागच्या वेळी फाइल कुणाच्या तरी हाती मुंबईला पाठवली होती, आता सगळं ऑनलाइन. ट्रेनिंगचे पॉइंट एका कार्यशाळेनं कमी पडतायत. नवीन कॉपी फाइलला लागली नाही तर लेबर रूमची ड्यूटी काढणार म्हणाल्या. सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. दुसरं येतंय काय मला?
१४ तारखेला धाराशिवला कार्यशाळा आहे. नाव दिलं.
त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. आमच्याकडं नवीन लागलेली प्रणिता हसली, म्हणून मीही हसले. काय म्हणाल्या देव जाणे.

६ जून, शुक्र.
आज झालं ते इथं तरी लिहिते.
पहिलटकरीण होती. बाळाचे ठोके ऐकायला पोटावर फिटोस्कोप लावला, कान टेकला. काही नाही. जागा बदलली. काही नाही. आकडा दाखवणाऱ्या मशीनचे सेल गेलेत, मागणी करून ठेवलीय, अजून पत्ता नाही. प्रणिताला हाक मारली, "बघ गं जरा, बाळ लई हलतंय." तिनं कान लावला आणि लगेच म्हणाली, "एकशे अडतीस, ताई. मस्त आहेत."
मी म्हटलं, "हां, मला पण तेवढेच आले."
केसपेपरवर एकशे अडतीस लिहिले. खाली सही माझी.
बाळ छान झालं. रडलं, ते मात्र ऐकू आलं.

९ जून, सोम.
दुपारी घरी कुणी नव्हतं. मोबाइलवर गाणं लावून आधी उजव्या कानाला धरला, मग डाव्या. डाव्या कानाला तेच गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं. खिडकीत दोन चिमण्या भांडत होत्या, चोची उघडतायत मिटतायत, आवाज नाही.
कधीपासून? कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा वाटलं होतं, लोक पुटपुटायला लागलेत. आमच्या डॉक्टर मॅडम अजून मास्क लावूनच बोलतात, मला अर्धं कळतं, उरलेलं अंदाजानं. म्हणजे मी इतके दिवस लोकांच्या तोंडाकडं बघून ऐकत होते.
ह्यांना संशय यायचं कारण नाही. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. ह्यांचा साधा आवाजच सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

१४ जून, शनि. धाराशिव.
मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. शिकवणारे सर माइक तोंडासमोर धरून बोलत होते, ओठ दिसेनात. पडद्यावरचं वाचून घेतलं. दुपारी जोड्या लावल्या, एकमेकींचं बीपी घ्यायचं. माझ्या जोडीला माकणीकडची एक तरुण सिस्टर. काटा खाली खाली येतोय, ठोका कुठं सुरू झाला कळेना. काटा जिथं जरासा थरथरला तिथून धरून सांगितलं, एकशे दहा-सत्तर.
"माझं नेहमी तेवढंच असतं, ताई," म्हणाली. खरंच असेल. नाहीतर माझ्याकडं बघून म्हणाली असेल.
संध्याकाळी सर्टिफिकेट. सगळ्यांनाच. येरमाळ्याच्या गाडीत ते मांडीवर उलटं ठेवून बसले.

१५ जून, रवि.
आमची वैष्णवी लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिनं फोनवरून सांगत सांगत माझा फॉर्म भरून घेतला. फोटो मोठा होतोय म्हणून दोनदा परत आला. सही, जुनं रजिस्ट्रेशन, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं. सगळं गेलं. आम्ही भरलं त्यात कानाचं कुठंच काही नव्हतं. असतं तर काय लिहिलं असतं मी?
मध्येच ती ओरडली, "आई, मी विचारतीय ओटीपी किती आला, अन् तू हो हो काय म्हणतीस?"
म्हटलं, रेंज नाही.

१९ जून, गुरु.
लातूर. कानाचे डॉक्टर. वैष्णवीला कळवलं नाही. रिक्षा तिच्या कॉलेजवरनं गेली तेव्हा मान खाली घातली.
काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरच्या मुलीचा हात दिसत होता, तिनं कळ फिरवली की कळायचं. हाताकडं बघून दाबावंसं वाटलं. एकदा बोट गेलंही. मग डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर लई वेळ काहीच...
नस कमजोर झालीय. डावा जास्त, उजवाही थोडा. गेलेलं परत येणार नाही, कानाला मशीन लावा म्हणाले. "काय करता तुम्ही?" सांगितलं. लिहिता लिहिता थांबले. "कामावर माहितीय?"
घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच हळू बोलले, त्यामुळं कळलंच नाही, पुन्हा सांगायला लावलं. "कुणाला सांगू नगंस म्हणलं. मशीन केसाखाली झाकतंय. आधी लायसन तर येऊ दे." वाईट मनानं नाही म्हणाले. ताटातलं तसंच ठेवून उठले.

२४ जून, मंगळ.
मेसेज आला. रिन्युअल मंजूर, पुढची पाच वर्षं. प्रिंट काढून इनचार्ज सिस्टरांना दिली, त्यांनी फाइलला लावली. प्रणिता म्हणाली, "ताई, पेढे!" पेढे आणले.
फॉर्म कुठंतरी अडेल असं वाटत होतं. अडावं असं वाटत होतं की काय?
ट्रायलला कानाचं मशीन मिळालंय. घातलं की पंखा, ट्रे, चपला सगळं कानात घुसतं. वर स्टेथो बसत नाही. आवाज मोठा करणारं वेगळं स्टेथो मिळतं म्हणे, मागवावं लागेल. तोवर काय करायचं? प्रणिताला किती वेळा हाक मारायची?

२७ जून, शुक्र.
प्रणिता रजेवर. सकाळी तेरकडची बाई आली, कळा जोरात, सोबत सासू. पोटावर कान लावला. काही नाही. कळ ओसरू दिली, पुन्हा लावला. नुसतं माझंच रक्त कानात घुमतंय. ठोक्यांच्या मशीनचे सेल अजून नाहीतच. मनात आलं, लिहावं एकशे चाळीस. बाळ हलतंय, गर्भाचं पाणी स्वच्छ, सगळं ठीक दिसतंय. पेन हातात घेतलं होतं.
मग तोंडातून निघून गेलं, मोठ्यानं, "मॅडम, मला ऐकू येत नाहीत!"
मॅडम हातातला चहा टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं बाळाचे ठोके गेले. सासूनं टाहो फोडला, "आवो शिष्टर, काय झालं वो लेकराला?" ती बाई पडल्या पडल्या रडायला लागली. मॅडमनी कान लावला, मोजले, आणि डोळे वटारून माझ्याकडं बघितलं. "अहो, आहेत की! एकशे चव्वेचाळीस. किती घाबरवलंत!"
तिथं गप्प बसता आलं असतं. घाईत सापडले नाहीत म्हटलं असतं, संपलं असतं.
मी म्हटलं, "बाळ चांगलंय, मॅडम. मलाच ऐकू येत नाही. कानानं."
मॅडमनी मास्क खाली ओढला. "कधीपासून?"
सांगितलं. सगळं नाही, पण तपासणी केली तेवढं सांगितलं. सासू माझ्याकडं बघतच राहिली. मी मागं सरायला लागले तर बाईनं मनगट पकडलं. "मंग हात तरी सोडू नगा, शिष्टर."
डिलिव्हरी मॅडमनी केली. मी उशाशी उभी. मुलगी झाली.
नंतर मॅडमनी खोलीत बोलवलं. म्हटलं, रजिस्ट्रेशन आत्ताच रिन्यू झालंय. म्हणाल्या, "लायसन आहे हो तुमचं. प्रश्न लायसनचा नाही." मग म्हणाल्या, "सोमवारी अधीक्षक साहेबांना तुम्ही स्वतः सांगा. मी सोबत असेन. पण तोवर ठोके तुम्ही ऐकायचे नाहीत."

२९ जून, रवि.
काल ओपीडीत पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून दिल्या. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलंय.
प्रणितानं फोन केला होता. म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी एकशे अडतीस म्हटलं अन् तुम्ही तेवढेच आले म्हणालात, तेव्हाच मला..." कळलं होतं तर बोलली का नाही, म्हणून राग आला. मग स्वतःचाच.
वैष्णवीला अखेर सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. तिनं विचारलं, "आई, आमच्या वर्गात एकीला चष्मा लई नंबरचा आहे, तिला चालतं. मग कानाला का नाही चालणार?" हेच उद्या साहेबांना विचारीन. ते काय म्हणतील? स्टोअरला टाकतील, लसीकरणाला बसवतील, का नवं स्टेथो येऊ द्या म्हणतील, काही अंदाज नाही. नर्सिंग कौन्सिलला कळवायचं असतं का, तेही मॅडमना नक्की ठाऊक नाही.
ह्यांनी उद्याची सुटी टाकलीय. "बाहेर बाकावर बसतो, आत येत न्हाय." नको म्हटलं. एकटीच जाईन.
साडी काढून ठेवली. रिपोर्ट पर्समध्ये ठेवला. मशीन घालून जाऊ की न घालता, तेच अजून ठरत नाही. घातलं तर आधी कानच दिसणार. नाही घातलं तर साहेब काय बोलले ते कळायचंच नाही.