टपावर दोन होड्या

काळाचौकी,
६ मार्च १९५६

प्रिय दादा,

तुझ्या दोन्ही होड्या सुखरूप आहेत. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र सोडून तेवढीच ओळ शोधत बसशील. मागच्या पत्रात मी तुला घाबरवून सोडलं होतं. चाळमालकाचा मेहता म्हणतो रविवारपर्यंत गॅलरी मोकळी करा, नाहीतर होड्या तोडून बंबात घालतो. आईनं अन्न टाकलंय. तेव्हा पुन्हा सत्याग्रहात जाणार नाही असं सरकारला लिहून दे आणि सुटून घरी ये, आईचं एवढंच मागणं आहे, असं मी लिहिलं होतं. पंधरा तारखेला तुरुंगाचे साहेब कागद घेऊन येतील तेव्हा सही करतो, हे तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. आता रविवारी काय झालं ते वाच.

सकाळी एरिक त्याच्या काकांची बेबी ऑस्टिन घेऊन आला. म्हणजे गाडी चालवत आली त्याची बहीण क्लारा, हे भाऊसाहेब नुसते शेजारी बसून हात दाखवत होते. तू आणि एरिक वर्षभर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्या कयाक बांधत होतात, परदेशी मासिकातलं चित्र भिंतीला चिकटवून, एकेक पट्टी भिजवून वाकवून. चौदा फुटांची होडी जिन्याच्या वळणातून खाली कशी जाणार, हे मात्र गिरणीतल्या सुताराच्याही डोक्यात आलं नाही आणि गोदीतल्या फिटरच्याही! एरिकनं जिन्यात दोनदा खटपट केली, चुन्याचे पोपडे पाडले आणि घाम पुसत बसला. शेवटी आई उठली. तिनं आपली दोन जुनी नऊवारी लुगडी काढली, पीळ घातला, होडीच्या दोन्ही टोकांना बांधली आणि कठड्यावरून खाली सोडायला लावली. खाली चाळीतली दहा माणसं हात वर करून उभी. गणपती उतरवतानासुद्धा एवढी शांतता नसते रे.

पुढचा घोळ टपावर. होड्या शेजारी शेजारी आडव्या मावेनात, तेव्हा आईनं टपावर गोधडी घातली आणि त्या कुशीवर उभ्या केल्या, पाठीला पाठ लावून. एरिकनं फिटरची शान दाखवत दोर खिडक्यांतून आत घेऊन चार फेरे आवळले, गाठी मारल्या आणि दाराला हात घातला तर दार उघडेना! चारी बाजूंनी गाडीच बांधून टाकली होती पठ्ठ्यानं. क्लारा हसता हसता पायरीवर बसली. आई म्हणाली, “अरे बाबा, ती गाडी आहे, मुंबईहून पाठवायचं पार्सल नव्हे. दारं उघडी ठेव, मग दोर घाल.” गाठी सोडायला अर्धा तास गेला. मग आईनं स्वतः दोर ओढला, पुढची टोकं पुढच्या बंपरला आणि मागची मागच्याला बांधली, आणि होडी हलवली की गाडी सगळी हलते का बघितलं. गावाकडे गवताच्या गाड्या बांधलेला तिचा हात आहे, हे आपण विसरूनच गेलो होतो.

क्लाराचं कौतुक किती करू? बैलगाडीच्या चालीनं तिनं गाडी नेली. समोरच्या काचेवर होड्यांची नाकं आलेली, तरी वाकून वाकून बघत होती, एक हिसका म्हणून बसू दिला नाही. लालबागच्या नाक्यावर हवालदारानं हात केला. कठड्यावर घासून एका होडीचा रंग गेला होता आणि आतून ‘झालाच पाहिजे’ असं ठसठशीत दिसत होतं. मोर्च्याचा जाड कापडी फलक तू होडीला ताणून बसवलास आणि घरात चकार शब्द काढला नाहीस! जानेवारीपासून पोलिसांची नजर कशी झालीय तुला ठाऊक आहे. आई खिडकीतून डोकं काढून म्हणाली, “माझ्या मुलाच्या होड्या आहेत. तो सत्याग्रहात आत गेलाय. वडाळ्याला ठेवायला नेतोय.” तो माणूस आपल्याकडचाच असावा, आवाज उतरवून म्हणाला, “आई, लिहून दिलं की सोडतात. सांगा की त्याला.” आई म्हणाली, “का लिहून देईल? चोरी केलीय त्यानं? सहा महिने भरेल आणि येईल. होड्यांना काही घाई नाही.” हवालदारानं स्वतः ट्राम थांबवून आम्हाला वाट करून दिली.

मिठागराच्या राखणदाराची शेड एरिकनं बोलून ठेवली होती. आत ठेवण्याआधी क्लारानं एक होडी खाडीत घातली, दोन पात्यांचं वल्हं घेऊन शंभर हात जाऊन आली. थेंबभर पाणी आत आलं नाही, दादा. एरिक काठावर उभा राहून डोळे पुसत होता आणि खारा वारा लागतोय म्हणत होता. मग आम्ही बांधावर बसून भाकरी-सुकट खाल्लं. आईनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, रोजच्यासारख्या.

आता खरं सांगते. सही कर असं आई कधीच म्हणाली नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या तोंडी मी माझे शब्द घातले. तुझं उत्तरही तिला वाचून दाखवताना सहीची ओळ मी गाळली. रविवारी ती हवालदाराला उत्तर देत होती तेव्हा मी मागच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, पंधराच्या आत त्याला कळव. म्हणून हे पोस्टात टाकत नाही. एरिक शनिवारी भेटीला येईल, त्याच्या हाती देते. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण माझ्या खोटेपणापायी सही करू नकोस. अन्न टाकलं होतं ते आईनं नाही रे, मी.

तुझीच,
बकुळा