पाणीगेटच्या सभेतली टाळी

मंगळवार, संध्याकाळ. मतदानाला चार दिवस.

फ्रिजमध्ये सुमनची इन्सुलिनची बाटली अजून सीलबंदच. विचारलं, तर म्हणते, "अहो, पाणीगेटच्या सभेत आपल्या उमेदवारांनीच सांगितलं ना, काढा घ्या, सुई सोडा? पहिली टाळी तुमचीच होती."

होती. आपला माणूस बोलतोय म्हणून वाजवली. ऐकलं कुठे होतं मी?

बायकोच्या पायाची जखम चिघळतेय आणि मी घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत फिरतोय. धर्म, शिस्त, देश... मत अजूनही त्यांनाच देणार. पण औषध व्यासपीठावरून? हे कुठलं आपलं?

सुमनला म्हटलं, ते सगळं खोटं होतं गं. ती बाटलीकडे बघत म्हणाली, "मग तिथे का नाही बोललात?"

उद्या पुन्हा सभा. माझी खुर्ची पहिल्याच रांगेत. एका उरलेल्या चिठ्ठीच्या मागे प्रश्न लिहून ठेवलाय: 'सुई सोडा, हे कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?'